टार्गेटवर फोडलेला नारळ

मी मोठ्यांवर ओरडते म्हणता ना, मग हे ऐका. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपला अ‍ॅक्सिलरेटरचं, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या मशीनचं, टार्गेट बनवायचं काम मिळालं. म्हणजे तांब्याची तबकडी. पुढून तिच्यावर कणांचा झोत आदळतो, मागच्या बारीक खाचांतून पाणी फिरतं, म्हणून ती वितळत नाही. त्यातून कॅन्सरच्या तपासणीचं औषध बनतं.

तबकडी धुऊन, खाचा वर करून ठेवली आणि फोन घ्यायला बाहेर गेले. परत येते तर तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, तिला हळदकुंकू वाहून वर नारळ फोडलेला. नारळाचं पाणी थेट खाचांत!

"तात्या, खाच बुजली तर टार्गेट जळेल!"

"माल बाहेर पडताना नारळ फुटतोच की, पोरी."

"हिला देव थंड ठेवणार आहे का?"

तात्या खाली बघत म्हणाले, "तुझ्या काकूच्या तपासणीचं औषध येळेत आलंच न्हाय. मशीन बंद पडलंय म्हणायचे. म्हटलं, ही तरी टिकू दे."

काकू जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मी तबकडी पुन्हा धुतली, तपासली, पेटीत बंद केली. तात्या दारातच उभे होते, हात पाठीमागे बांधून.

"लांबनं नमस्कार केला तर चालंल?"

मी पेटी पुन्हा उघडली.