मास्तरांच्या ओसरीवरची चटई

जमलेल्या भावांनो, बायांनो,

मी लक्ष्मण. डेपोत सागाच्या लठ्ठ्यांवर छापाचा हातोडा मारतो. बोलायचं ते लिहून आणलं आहे, शुद्धलेखनही तपासलं आहे. तरी सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

देवाजी मास्तर गेले. कामावरून सुटलो की आम्ही चौघे त्यांच्या ओसरीवर इंग्रजी शिकायला बसायचो. मॅट्रिकला बाहेरून बसणार आहोत. बाकी विषय जमतात. इंग्रजीत कर्त्याप्रमाणे क्रियापद फिरवायचं, तिथे मी अडतो. एक मुलगा जातो, तर ‘बॉय गोज्’. पुष्कळ मुलगे जातात, तर ‘बॉइज गो’. शेवटचा एस इकडून तिकडे का जातो?

मास्तर म्हणाले, “आपल्या डेपोत हातोडा एकच आहे ना? एकानं घेतला का दुसऱ्यानं रिकाम्या हातानं उभं राहाचं.”

मी विचारलं, “मग ‘चिल्ड्रन गो’ कसं?”

मास्तर हसले. “त्या घरी हातोडाच नाई. तुले सगळंच काऊन एका दिवशी पाह्यजे रे?”

आणखी एक. ‘मास्तर कम्स’ असं आम्ही कधी लिहिलं नाही. मास्तरांना एकवचन कसं लावायचं? आम्ही ‘मास्तर कम’ लिहायचो. ते दर वेळी खोडायचे. म्हणायचे, “तुमचा मान पोचला. पण इंग्रजीत मी एकटाच आहे, बाबू.”

आता मुद्द्याचं बोलतो. पांडुरंगभाऊ, तुम्ही वडीलधारे. तुम्ही सांगितलं, तेरवीपर्यंत त्या ओसरीवर कोणी चढायचं नाही. आम्ही ऐकलं. तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा आहे, तरी ऐकलं. काल मास्तरीणबाई मला विहिरीवर भेटल्या.

“मी रोज चटई टाकून राह्यली. कोणीच नाई येऊन राह्यलं. काऊन?”

“बाई, सुतक आहे.”

“सुतक मले आहे. तुमाले परीक्षा आहे. मले वाटलं, मास्तर गेले तं पोरायले आता या घराचं काई नाई.”

आम्ही मान म्हणून दूर राहिलो. त्यांना वाटलं, विसरलो. भाऊ, यात बरोबर कोण? रात्रभर विचार केला. कळलं नाही. अजूनही कळत नाही. तुमचा शब्द मोडायची माझी हिंमत नाही. पण ती चटई रोज रिकामी गुंडाळली जाते, तेही सोसत नाही.

मास्तर होते. ‘होता’ मी म्हणणार नाही, कोणी कितीही खोडलं तरी.

आता सगळ्यांनी उठून उभं राहावं. थोडा वेळ कोणी बोलू नये. त्यानंतर आम्ही चौघे इथूनच मास्तरांच्या ओसरीवर जाणार आहोत. भाऊ, रागवायचं असेल तर तिथे येऊन रागवा. शिकवणार कोण, मला माहीत नाही. बाईंनी चटई टाकली असेल.

मास्तर, नमस्कार.