दोरीतल्या गाठी

डोंगराखालच्या बसथांब्यावर निवृत्त शिक्षक एलिहिओ पुस्तकात तोंड खुपसून बसले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला हिकुरीच्या, म्हणजे खाल्ल्यावर दृष्टांत देणाऱ्या पवित्र निवडुंगाच्या यात्रेहून परतलेलं एक जोडपं टेकलं.

"यात्रा झाली. आता ठरल्याप्रमाणे मी आईकडे."

"ठरवलंस तेव्हा मी मुका होतो, उतिआमा."

"दोन वर्षं! ना झोप, ना शब्द. मला वाटलं, मी नकोशी झाले."

"एक बाई लपवली होती ना मनात. परवा यात्रेच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर त्या लफड्याची दोरीला गाठ मारली, तिचं नाव घेतलं, तेव्हा कुठे श्वास आला."

"एका गाठीसाठी दोन वर्षं जागलास, बावळटा!"

"आणि तू तीन मारल्यास! तीन गाठी पोटात ठेवून रोज घोरत होतीस!"

"दोन लग्नाआधीच्या होत्या. आणि चिडायचं नाही हं. दोऱ्या आगीत गेल्या, विषय संपला."

"चिडलो कुठे? हसून हसून पुजाऱ्याला ठसका लागला."

"मग हिकुरी खाल्ल्यावर रडलास का?"

"तू दिसलीस. कणसं सोलता सोलता मला हाका मारत होतीस, आणि मी ओ देत नव्हतो."

"मग आता दे. याउशाली!"

एलिहिओंनी पुस्तकावरून हळूच पाहिलं. याउशाली तिच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क घोरत होता.

तेवढ्यात तिच्या आईच्या गावाची बस आली आणि वाहकाने दारातून हाक दिली.

"बाई, चढा लवकर!"

"हळू ओरड, मेल्या! नवरा झोपलाय माझा. आईला निरोप दे, लेक आपल्या घरी गेली."

एलिहिओंनाही त्याच बसने जायचं होतं. पण उठले असते तर बाक करकरलं असतं, म्हणून ते बसूनच राहिले.