नवरदेवाची चामखीळ

...आणि वर मलाच विचारतात, केरू, एवढं लाजायला काय झालं होतं? अरे, काय झालं होतं म्हणजे? पाठीवर असतं, कोपरावर असतं, तर मखमलाबादच्या पारावर उघडा बसलो असतो, या म्हणलं असतं, बघा. पण जागाच तशी, कुणाला दाखवणार?

तुम्हाला सांगतो, अठ्ठ्याहत्तर साल, माझं लग्न ठरलेलं, मुलगी सिन्नरची, मालन नाव, हळद महिन्यावर आलेली, आणि मी आपला झेंडू तोडून झाल्यावर विहिरीवर आंघोळीला बसलो, निवांत, गाणं म्हणत, आणि सहज खाली लक्ष गेलं तर... पुटकुळ्या! राजगिऱ्याएवढ्या, पांढरट, एका ओळीत शिस्तीत बसलेल्या. गाणं तिथंच थांबलं. आता या आधीपासून होत्या का? मला काय माहीत? आपण काय रोज तिथं हजेरी घेतो?

फुलं घेऊन नाशकात जाताना भिंतीवर हे एवढाल्या अक्षरांत रंगवलेलं असायचं, 'गुप्तरोग! लग्नाआधी भेटा!' रोज वाचायचो, रोज हसायचो. त्या दिवशी हसू येईना. आयुष्यात वाकडं पाऊल नाय टाकलं हो मी, मग हे आलं कुठून? आणि मालनला लागलं तर? तिच्या बापाला कळलं तर लग्नच मोडणार की. लय घाबरलो.

शेवटी चुलतभाऊ वाल्मीकला आडून विचारलं, 'एखाद्याला, मला नाय, एखाद्याला चामखीळ आली तर काय करतात रे?' त्या शहाण्यानं सरळ आमच्या नवसाआत्याला जाऊन सांगितलं. आमच्याकडं चामखिळीला औषध एकच, घोड्याचा केस आवळून बांधायचा, ती सुकून गळते. आत्या तडक नाशकात रविवार कारंजावर गेली, टांगेवाल्याच्या घोड्याचं शेपूट धरून चांगला लांब केस उपटून आणला, आणि भर अंगणात, लग्नाचे पापड लाटणाऱ्या बायकांसमोर म्हणते, 'दाखव. हळदीच्या आत गळाली पाहिजे.'

म्हणलं, पाठीवर हाय. सदरा वर. 'पाठ तर कोरी हाय.' म्हणलं, काखेत. 'काखेतबी नाय.' म्हणलं, मांडीवर. 'मांडीवर कुठं?' वर. 'किती वर?'

जागाच तशी, कुणाला दाखवणार? मी पायजम्याची नाडी घट्ट धरली. लाटणी थांबली. मग आत्यानं केस गुंडाळून कनवटीला खोचला आणि हळूच म्हणाली, 'मेल्या, तिथं नाय बांधायचा. डॉक्टरकडं जा.'

गेलो. नाशकातला कातडीचा डॉक्टर, म्हातारा, चष्म्यावरून बघणारा. 'पायजमा काढा.' काढला. बघितलं त्यांनी, आणि दार उघडं असताना मोठ्यानं म्हणाले, 'लिंगाच्या टोकाभोवती, होय?' अहो हळू! 'दुखतं? खाज? पू? जखम? वाढतायत? कुणाशी संबंध?' नाय, नाय, नाय. 'मग घाला पायजमा. हा रोग नाही. पुष्कळ पुरुषांना असतात, ही अंगाची ठेवणच आहे, बायकोला लागत नाहीत, पोरंबाळं होतील. बांधायचं नाही, कापायचं नाही, चुना लावायचा नाही. पण कधी जखम झाली, मग ती न दुखणारी का असेना, पाणी भरलेले फोड आले, फुलकोबीसारखं काही वाढायला लागलं, गाठ आली, तर भिंती वाचत बसू नका. लगेच यायचं. घरातल्या बायकांना असं काही झालं, तर त्यांनाही हेच सांगा.'

इतका आनंद झाला, मला वाटलं डॉक्टरला फेटा बांधावा! उड्या मारत बाहेर आलो, आणि बाकावर कोण? सावळीराम. मालनचा बाप. माझा होणारा सासरा.

'पाव्हणं, तुम्ही इकडं?' त्यानंच विचारलं.

झालं, म्हणलं, मोडलं लग्न. खोटं सुचेना, म्हणून सगळं खरंच सांगून टाकलं, एका दमात, राजगिऱ्यासकट. सासऱ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, 'मलाबी तिथंच एक गाठ हाय. सकाळधरनं बसलोय, आत जायची हिंमत व्हईना.' म्हणलं, वाढतेय? 'वाढतेय.' मग मी काय बघतो? दंड धरला आणि आत ढकलला. साधी चरबीची गाठ निघाली, डॉक्टरनं काढून टाकली, आणि बरा झाल्यावर गडी वरातीत ताशापुढं असा नाचला, की वाजवणारे थकले.

पण तोंडाचा फाटका. साऱ्या सिन्नरात सांगून बसला, जावई लय जाणता हाय. लग्नात आहेर द्यायला येईल तो माझ्या कानाशी वाकायचा, 'जावईबापू, आमचंबी जरा...' काका, मामा, मावसे. जागाच तशी, कुणाला दाखवणार? मला! मी मुंडावळ्यांतून विचारतोय, दुखतं? जखम हाय? मग मला कशाला सांगता, दवाखाना गाठा!

आणि मालन शेजारी उभी, डोळे भरून आलेले. आजही कुणी पाहुणं आलं की सांगते, 'आमच्या माणसांचा यांच्यावर केवढा जीव, एकेकानं कानाशी वाकून आशीर्वाद दिला.' मी मान डोलवतो आणि चहा पितो. काय करणार?