सूट आराम करतोय

…आणि माझे शर्ट बाहेर, पायमोजे बाहेर, मी रोज सकाळी खुर्चीवरच्या ढिगात हात घालून कपडे शोधतोय आणि कपाटात कोण? एकटा सूट! कुणाचा धक्का लागायला नको म्हणून दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून टांगलेला. मी म्हटलं, अगं, निदान माझा टॉवेल तरी… तर आमची ही ओठांवर बोट ठेवून म्हणते, "हळू. सूट आराम करतोय."

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. बत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलो, लोकांनी मला छातीपासून वरच पाहिलेलं, खाली माणूस आहे की नुसतंच स्टूल, कुणाला पत्ता? म्हटलं, निरोप समारंभाला तरी अख्खे दिसू या. शिवला सूट, आयुष्यातला पहिला! आणि तो आणायला हिला बरोबर नेलं. टेलरमास्तर तोंडात चार टाचण्या धरून बोलणारे, आणि ही डायरी उघडून शब्दन् शब्द उतरवणारी. "वहिनी, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, कापडाला हवा लागते. हँगर रुंद घ्या, नाहीतर खांदा उतरतो. आणि एकदा अंगाला लागला की दुसऱ्या दिवशी घालायचा नाही, पूर्ण दिवस आराम."

झालं! सुटाला रोज ब्रश, तोही वरून खाली, हलक्या हातानं… मला बत्तीस वर्षांत कुणी असं गोंजारलंय? कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून. त्या वासानं मला शिंक आली तर म्हणे, तिकडे तोंड करून शिंका, सूट आराम करतोय.

समारंभ शनिवारी. शुक्रवारी धाकटी मेहुणी आली, संध्याकाळी परत जाणार. "भावोजी, मी काही उद्या नाही, एकदा घालून दाखवा ना." घातला. दोनदा गोल फिरलो, फोटो काढले, चुण्या पडतील म्हणून चहासुद्धा उभ्यानं प्यायलो. हिनं स्वतः बटणं लावली आणि म्हणाली, अगदी साहेब दिसताय. हे ऐकायला बत्तीस वर्षं लागली हो! मी खूश.

शनिवारी आंघोळ करून आलो तर ही कपाटापुढे उभी. हातात डायरी.

"काल घातलात."

"अगं, दहा मिनिटं!"

"अंगाला लागला ना?"

"अगं, समारंभ आज आहे!"

"मग काल कशाला घातलात?"

मास्तरांना फोन केला, म्हटलं तुम्हीच समजवा. पलीकडून टाचण्यांतून आवाज, "वहिनी बरोबर आहेत, साहेब."

गेलो. हिच्याबरोबर, रोजच्याच शर्टात, कोपराला विरलेल्या. आणि सहा महिने मी अख्ख्या ऑफिसला सुटाचं पुराण ऐकवलेलं! पोस्टमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, अहो, सूट कुठाय? मी हिच्याकडे पाहिलं, ही छताकडे. म्हटलं, सूट… आराम करतोय. हॉलभर हशा! मग पोस्टमास्तर भाषणाला उठले आणि म्हणाले, "या माणसानं बत्तीस वर्षांत धड रजा घेतली नाही. त्यांच्या वाटचा आराम घरी कुणीतरी करतंय, हे ऐकून बरं वाटलं." लोक टाळ्या वाजवत होते आणि मी, खोटं कशाला बोलू, डोळे पुसले बाहीनं. सुटाच्या बाहीला पुसू दिले असते का हिनं?

रविवारी सकाळी हिनंच सूट काढला. म्हणाली, झाला त्याचा आराम, घाला.

"अगं, पण आता जायचंय कुठे?"

"दूध आणायला."

गेलो ना! सुटात, पँटीसकट, अख्खा माणूस, आणि ही शेजारून माझ्या खांद्यावरचे नसलेले धागे वेचत. दूधवाल्यानं गोंधळून एकाच्या जागी दोन पिशव्या दिल्या. घरी आल्यावर कोट हँगरवर गेला, ब्रश झाला, आणि ही डायरीत बघून म्हणाली, उद्या आराम.

म्हटलं, माहीत आहे, सुटाला.

"तुम्हालाही. खांदे बघा किती उतरलेत."

तेव्हापासून दारात कुणीही येवो, आतून हिची कुजबुज ऐकू येते, "हळू. दोघंही आराम करताहेत." बरं चाललंय, तक्रार नाही… फक्त कपाट अजून त्याचं आहे, आणि मी खुर्चीवर, ढिगाशेजारी.