बहिणीच्या नवऱ्याला व्यसनमुक्तीच्या गाडीतून नेल्याबाबत

जबाब देणारी : स्त्री, वय त्रेचाळीस, धंदा नोकरी, मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात चादरी इस्त्री करण्याचे काम, राहणार धुलाई विभागामागील इमारत, तळमजला.

मला आज पोलीस ठाण्यात बोलावून माझ्या बहिणीच्या नवऱ्याने दिलेली तक्रार वाचून दाखवली. त्यावर मी समक्ष सांगते ते असे की,

तक्रारदाराचे औषधांचे दुकान आहे. माझ्या बहिणीला घरात सगळे धाकटी म्हणतात, म्हणून पुढे तसेच लिहिले आहे. तिच्या कमरेचे ऑपरेशन झाले तेव्हा डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरत्या दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यानंतरच्या गोळ्या नवऱ्याने दुकानातून आणल्या. गोळी घेतली की ही भांडत नाही, असे तो माझ्यासमोर हसून म्हणालेला आहे. मागच्या वर्षापासून तो गोळ्या कुलपात ठेवतो आणि ती नीट वागली तर देतो. नीट म्हणजे काय, ते त्याला विचारावे. तक्रारीत त्याने बायकोला साधी डोकेदुखी असल्याचे लिहिले आहे.

धाकटी मला म्हणाली, "ताई, मला कुठेतरी नेऊन टाक. घरात राहून माझ्याच्याने हे सुटायचं नाही." त्यावरून मी चौकशी सुरू केली.

प्रथम मी आमच्याच हॉस्पिटलच्या व्यसनमुक्ती वॉर्डात गेले. तिथल्या चादरी मीच इस्त्री करते. वॉर्डाचे साहेब म्हणाले, "बायकांसाठी सोय नाही. बायका येतच नाहीत." मी म्हटले, "मी आलेय की." ते म्हणाले, "एकटीसाठी वॉर्ड काढू का?"

दुसऱ्या एका संस्थेत मी धाकटीला घेऊनच गेले. तिला आत नेले, मला बाहेर बसवले. तासाभराने ती परत आली. तिला पेशंटांच्या बायकांच्या वर्गात बसवले होते. नवऱ्याशी कसे गोड बोलावे ते तिथे शिकवतात. तिचे हात थरथरत होते, त्यावर शेजारच्या बाईने तिला सांगितले, "धीर धरा हो, सुधारतील ते." धाकटी मला म्हणाली की, पेशंट आपणच आहोत हे तिथे सांगायला तिला लाज वाटली.

त्यानंतर नवऱ्याने तिला बाहेर पडायला मनाई केली व दुकानात जाताना तो दाराला बाहेरून कुलूप घालू लागला.

मी तिसऱ्या एका केंद्राला फोन केला. बहिणीसाठी बोलतेय, असे मी स्पष्ट सांगितले. फोनवरचा माणूस म्हणाला, "बहिणीचे हाल आम्ही समजू शकतो." पेशंट स्वतः येईल का, असे त्याने विचारले. घरातून निघणे शक्य नाही, असे मी सांगितले. घरात कोण कोण, तर नवरा-बायको दोघेच. तो म्हणाला, "सकाळी गाडी पाठवतो. चार माणसं असतात. आरडाओरडा झाला तर मध्ये पडू नका." चार माणसे कशाला, असे माझ्या मनात आले. पण भावोजी आडवे आले तर लागतील, म्हणून मी बोलले नाही. पेशंट बाई की पुरुष, हे त्याने विचारले नाही.

मंगळवारी सकाळी गाडी आली तेव्हा मी कामावर होते. पुढचे धाकटीने सांगितले तसे सांगते. तिने बॅग घेऊन दार उघडले. एकाने तिच्या हातातून बॅग घेतली व म्हणाला, "वहिनी, त्यांचे कपडे यातच आहेत ना?" आणि चौघे आत गेले. नवरा दाढी करत होता. तो ओरडला, "अरे मी नाही, ही! हिला न्या!" त्यावर ते "हो हो, चला" म्हणाले आणि त्याला उचलून घेऊन गेले. तक्रारीत कोपराला खरचटल्याचे लिहिले आहे, त्याबद्दल मला माहिती नाही.

धाकटीने मला फोन केला. "ताई, ते ह्यांनाच घेऊन गेले."

मी विचारले, "दार उघडं आहे का?"

ती म्हणाली, "उघडं आहे."

मी लगेच केंद्राला फोन लावला व पेशंट ते नसून माझी बहीण आहे, असे सांगितले. तोच माणूस म्हणाला, "गाडी गेली की सगळ्या घरच्यांचं काळीज असंच पाघळतं. कच खाऊ नका, ताई." मी विचारले, तर मग बायकांना कुठे न्यायचे? त्याने एका संस्थेचे नाव सांगितले. हे आधी का नाही सांगितले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही कुठे विचारलं?" पेशंट तो नाही, हे मी त्याला एकदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगितले नाही.

त्याच दिवशी मी धाकटीला त्या संस्थेत पोहोचवले. तिथल्या बाईंनी मला बाहेर थांबवून तिला एकटीला विचारले, स्वतःहून आलीस का? ती हो म्हणाली व आत गेली. तक्रारदाराला ज्या केंद्रात नेले तिथे तपासणारे डॉक्टर शनिवारीच येतात. त्यांनी तपासून त्याला त्या दिवशी सोडले.

जबाब चालू असताना तक्रारदार शेजारच्या बाकावर बसला होता. तो म्हणाला, "साहेब, ही बाई माझा संसार मोडायला बसलीय. चार दिवस माझ्याकडून प्रार्थना म्हणवून घेतली तिथे!" मी म्हटले, "भावोजी, तुमचं तर चारच दिवसांत भागलं." तो म्हणाला, "पत्ता बोला. आज संध्याकाळी तिला घरी आणतो. गोळ्यांशिवाय ती मरेल तिथे." कोणत्या गोळ्या, असे साहेबांनी त्याला विचारावे, अशी मी विनंती केली. विचारले नाही.

साहेब मला म्हणाले, "पत्ता सांगा नि विषय संपवा. नाहीतर ह्यांना डांबून ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल. नोकरी जाईल." माझी नोकरी कायम नाही, हे खरे आहे. धाकटी सज्ञान असून तिला घरी यायचे असेल तेव्हा ती येईल. बरे व्हायला किती दिवस लागतील ते तिथल्या बाईंनी सांगितलेले नाही. तोवर तिचा पत्ता मी सांगणार नाही. गुन्हा लावायचा असल्यास माझ्यावर लावावा.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितल्याबरहुकूम आहे. संस्थेचा पत्ता लिहिण्यासाठी लेखनिक हवालदारांनी मध्ये दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. त्यांवर माझ्यासमोर आडव्या रेघा मारून घेतल्या व त्यानंतरच खाली सही केली आहे.