कपाभोवती वळवलेली तार

—नाही, नाही, ती वाकवू नका, ठेवा टेबलावर. तारेच्या कंपनीचे माणूस तुम्ही, आणि स्वतःच नमुन्याशी चाळा करता? बसा ना. मी उभीच बरी — समितीची बैठक सुरू व्हायचीय, एका जागी बसवत नाही. पहिल्या नमुन्याचं काय झालं म्हणता? सांगते की. त्यात लपवायचंय काय? — तर अ‍ॅक्सिलरेटरमध्ये कण वळवणारे हे चुंबक, त्यांच्या कॉइल तांब्याच्या करायच्या की तुमच्या अतिवाहक निओबियम-टिन तारेच्या, ते आज मी समितीला सांगायचंय. तांबं मला पाठ आहे हो — पोकळ नळी, आतून पाणी खेळवायचं, वर्षानुवर्षं कुरकुर नाही. पण तांबं-लोखंडाचं चुंबकी क्षेत्र दोन टेस्लाच्या आसपास हात टेकतं, आणि अ‍ॅक्सिलरेटरवाल्यांना हवेत बारा. मग निवडायचं काय राहिलं? तुमचीच तार. ती आधी गुंडाळायची आणि मग भट्टीत भाजायची; भट्टी तुमच्याकडे, म्हणजे कॉइलही तिकडेच होणार, आणि आमचं कॉइल गुंडाळायचं वाइंडिंग खातं बंद. तिथले फोरमन माझे मिस्टर. आता कळलं, मी येरझाऱ्या का घालतेय?

नमुना मी घरी नेला, तिथेच चुकलं. म्हटलं, समोर ठेवून शांतपणे सांगावं. भट्टीतून काढलेली तार आहे, एवढंच बोलले आणि फोन वाजला. परत येते तर — तांब्याचा माणूस हो, तापवलं की मऊ होतं, हेच हातांना ठाऊक. तुमची ही तापवली की काचेसारखी होते, ते कुठे माहीत? त्यांनी चहाच्या कपाभोवती वळवून सुरेख वेटोळं केलेलं. वरचं तांब्याचं आवरण शाबूत, चकचकीत. म्हणाले, "बघ, हे तर आम्हालाही जमतंय, उगाच धास्ती घेतली होती." किती दिवसांनी हसले होते. मीही हसले. ऑफिसात दुसरा तुकडा तसाच वळवून तपासला — आतले तंतू ठिकठिकाणी तुटलेले, त्यातून वीज काही नीट वाहणार नाही. घरी सांगितलं का? सांगू, सांगू म्हणत राहिले, आणि इकडे त्यांनी खात्यातल्या सगळ्यांना सांगून टाकलं, काम आपल्याकडेच राहतंय म्हणून. आज ते वेटोळं समितीपुढे ठेवणार आहेत. आणि ते मोडलंय हे सांगायचं कुणी? मीच. मला लाज वाटते हो, त्यांची नाही, माझी.

आधीच गाठून सांगायचं म्हणून तर इथे दारात — आले बघा. इस्त्रीचा शर्ट घातलाय. हातात रुमालात गुंडाळलंय ना, तेच ते. तुमचा नमुना खिशात घाला. आणि जा आता तुम्ही. नाही, काही बोलू नका त्यांच्याशी, नुसते जा.