बुलालोत आंबट

जोवेलिन: तातय, आता तरी झाकण ठेवा. दर दोन मिनिटांनी डोकावलात तर मांस लाजून शिजायचं थांबेल.

बेरोंग: डोकावत नाहीये, फेस काढतोय. तुझी आई काढायची तसा. तिच्या बुलालोत, नळ्यांच्या रश्श्यात, तळाचे मिरीचे दाणे मोजता यायचे.

जोवेलिन: आई पहिला अर्धा तास काढायची. तुम्ही पहाटे चारपासून काढताय. अकरा वाजले!

बेरोंग: म्हणून तर रस्सा आरशासारखा झालाय. लिपा गावच्या माणसाच्या घरी पोरीला मागणी घालायला येतायत, त्यांना गढूळ पाणी पाजू?

जोवेलिन: मागणी घालायला येणारेच जेवण आणतात. रीतच आहे तशी. तुम्हाला पातेलं चढवायला सांगितलं कुणी? आयुष्यात कधी अंडं उकडलं नाहीत.

बेरोंग: रीत मला नको शिकवू. तुझा थोरला भाऊ दुबईला निघाला, धाकटा कॅनडाला. दोघांच्या ताटात आईनं मगजभरली हाडाची नळी वाढली, मगच सोडलं. आता ती नाही, म्हणून तू कोरड्या तोंडानं जायचंस?

जोवेलिन: म्हणजे मी जायचं, हे ठरलं?

बेरोंग: काही ठरलेलं नाही. हो की नाही ते जेवणानंतर सांगेन.

जोवेलिन: खरं सांगा, रोदेल आवडत नाही की बाकोलोद आवडत नाही?

बेरोंग: रोदेलला काय झालंय? बरा आहे. कमी बोलतो, पण बरा आहे. बाकोलोद लांब आहे. बस, मग बोट, मग परत बस. तुला ताप आला तर मी पोचेपर्यंत तू बरी होऊन कामावर गेलेली असशील.

जोवेलिन: मग चांगलंच की!

बेरोंग: आणि मला आला तर?

जोवेलिन: तातय...

बेरोंग: कोबी चिर. मक्याची कणसं मोठी तोड, आई तोडायची तशी.

जोवेलिन: तोडते. पण या बांतायला काय झालंय? सकाळपासून मागच्या दारातून हललेला नाही. नुसता मिशा चाटतोय.

बेरोंग: त्याला घातला फेस. फुकट कशाला घालवायचा? कुत्र्याचा जीव आहे.

जोवेलिन: फेस कसा होता?

बेरोंग: फेसासारखा. आधी पातळ. मग घट्ट झाला. शेवटी शेवटी तर चांगले लोण्याएवढे गोळे तरंगायला लागले. एक सोडला नाही मी.

जोवेलिन: तातय, तो चिमटा द्या. ही नळी बघा. हिच्यातून मला समोरच्या चर्चचं घंटाघर दिसतंय.

बेरोंग: दुसरी बघ.

जोवेलिन: दुसरीतूनही दिसतंय.

बेरोंग: सात नळ्या होत्या! पाद्रे गार्सियाच्या बाजारात एकेक वाजवून घेतलेल्या!

जोवेलिन: सातहींचा मगज बांतायच्या पोटात गेला. बाकोलोदला त्यालाच पाठवा आता.

बेरोंग: हसू नकोस.

जोवेलिन: कुठे हसतेय?

बेरोंग: खांदे हलतायत तुझे.

पासिंग: घरात कोण आहे हो? मी पासिंग. रोदेलची आई.

जोवेलिन: अगंबाई! या ना, आत या. बाराला येणार होतात ना?

पासिंग: बस लवकर पोचली गं. बाकीचे जेवण घेऊन मागून येतायत. रोदेल फाटकाशी उभाय. म्हणतो, बारा म्हणजे बारा, तोवर उंबरा ओलांडणार नाही. मी म्हटलं, मी बाई आत जाते, काही मदत लागेल. काय व्याहीबुवा, बरे आहात ना?

बेरोंग: व्याही अजून झालेलो नाही. जेवलात का?

पासिंग: जेवायलाच तर आलेय. वास छान सुटलाय. चाखू?

बेरोंग: नको!

जोवेलिन: चाखा, मावशी. लपवून काय होणार?

पासिंग: हं. स्वच्छ आहे हो. फार स्वच्छ.

जोवेलिन: स्वच्छ तर आंघोळीचं पाणीही असतं. यांनी फेस समजून सगळा मगज कुत्र्याला घातला.

बेरोंग: सांग, अजून मोठ्यानं सांग. पलीकडच्या गल्लीला ऐकू गेलं नसेल.

पासिंग: अहो, त्यात काय एवढं? माझी थोरली लग्न होऊन मनिलाला निघाली, त्या दिवशी मी रश्श्यात तीनदा मीठ घातलं. तिघं पाहुणे पाणी पिऊन पिऊन उठले. अशा दिवशी हात आपलं ऐकत नाही.

बेरोंग: तुम्ही बाकोलोदवाले असलं बोलणंही अंगाई गावी तसं बोलता. माणसाला भांडता येत नाही.

पासिंग: आणि तुम्ही लिपावाले आभार मानता तेव्हाही मारामारी लागल्यासारखी वाटते. जोवेलिन, ती पिशवी दे. बातुआन आहेत त्यात. आमच्याकडे नळ्यांच्या रश्श्यात हेच घालतात. चार फळं टाकली की बेचव पाण्यालाही चव येते.

बेरोंग: ही हिरवी आंबट फळं? बुलालोत? माझ्या बायकोच्या पातेल्यात?

जोवेलिन: आईनं बेचव वाढलं असतं का, तातय?

बेरोंग: ...घाला. पण खिडकी लावून घ्या आधी.

(रस्सा पुन्हा उकळतो. बेरोंग एक चमचा घेतो, मग लगेच दुसरा घेतो.)

जोवेलिन: काय झालं? टाकून देऊ?

बेरोंग: हात लावू नकोस त्याला. पिशवीत किती फळं उरलीत?

पासिंग: पाच-सहा असतील. तीही घालू?

बेरोंग: नको, दोन बाजूला ठेवा. न शिजवता. बी आमच्या मातीत रुजेल ना?

पासिंग: न रुजायला काय झालं? पण झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात हो.

बेरोंग: लागू देत. नातवंडं झाडावर चढायच्या वयाची व्हायला तेवढी लागतीलच.

जोवेलिन: तातय!

बेरोंग: पातेल्यावर वाकून रडू नकोस, मीठ बरोबर झालंय. जा, त्याला आत बोलव. पोरगा केव्हाचा उन्हात उभा आहे.